ताटीची पुढची बाजू

सुमन,

मंडळीच्या पत्रिकेत तुझ्यावर लिहायचं आहे. पाळकसाहेब बोलले, लक्षीबाय, तुम्ही तिची थोरली जाव, तुम्ही चार शब्द द्या. बाकीच्यांनी दिलेत. तू कधी जन्मलीस, तलासरीकडे कुठल्या वसतिगृहात शिकलीस, महिला मंडळ किती वर्षं चालवलंस, जर्मनीच्या मंडळीशी आपली जोडणी कशी टिकवलीस, सगळं आलंय. ते मी परत सांगणार नाय. माझी शाळा दुसरीपर्यंतची. मी बोलते तसंच उतरवा, एक शब्द नीट करायचा नाय, असं मी सांगून ठेवलंय. तू असतीस तर केला असतास. माझ्या तोंडातलं वाक्य तू अर्ध्यावर धरायचीस आणि नीट करून पुढे द्यायचीस. लोकांना वाटायचं, किती मायेनं करते. माझ्या अंगाला आग लागायची.

मला तुझा हेवा वाटायचा. अजून वाटतो. हे छापायचं तर छापा, नायतर राहू द्या.

तुला मातीला नेलं त्या दिवशी काय झालं ते तुला माहीत नाय, म्हणून सांगते. सगळा पाडा आला. आपल्या मंडळीची घरं तर आलीच. पण ज्यांनी कधी चर्चची पायरी चढली नाय, जे अजून गावदेवाला नारळ देतात, ती घरं पण आली. तुझ्या पेटीला हात लावायला माणसं एकमेकाला ढकलत होती. बारक्याकाका काठी टेकत आला. ऐंशीच्या पुढचा माणूस. बोलला, "मला पण लावू द्या खांदा."

पोरं बोलली, "काका, तुम्ही पडाल."

"पडलो तर तिच्या बाजूलाच गाडा. जागा मीच दिलीय, कोण नाय बोलणार?"

लोक हसले, सुमन. मातीला जाताना हसले. काका दहा पावलं चालला, मग त्याच्या नातवानं त्याला अलगद बाजूला घेतलं आणि स्वतः घुसला. मी मागून बायकांत चालत होती. मी एवढी रडली की दोघींनी मला धरलं. लोकांना वाटलं, जावेसाठी रडते. जाव होतीस म्हणून रडली ते खरंच. पण मी खांदे मोजत होती. तुझ्या एका पेटीला किती खांदे, आणि माझ्या नवऱ्याला चार मिळत नव्हते.

ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी सांगते. वीस वर्षं झाली. तेव्हा आपल्या पाड्यात बाप्तिस्मा घेतलेली घरं दोनच, माझं आणि तुझं. दोघे भाऊ, दोन जावा. माझे हे काविळीनं गेले. श्रावणातले दिवस, तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. रानशेतच्या पलीकडे आपला पाडा, डांबरी रस्ता तिथून दीड कोस, आणि मध्ये नदी. पहाटे हे गेले, आणि सकाळी बारक्याकाका आला. तेव्हा तोच पाड्याचा कारभारी. ओटीवर बसला नाय, उभाच राहिला.

"लक्षे, माझा तुझ्यावर राग नाय. तो माझ्या हाताखाली वाढलेला पोर. पण तुम्ही वाट बदलली. आमच्या मसणवटीत त्याला ठेवला आणि उद्या कोणाचं बैल मेलं, कोणाचं पोर आजारी पडलं, तर गाव माझ्या उरावर बसंल."

मी यांच्या उशाशी बसली होती. तू बोललीस. तू दारात उभी राहून बोललीस, "काका, तुमच्या पोराला कावीळ झाली तेव्हा भावजींनीच गंजाडहून वैद्य आणला होता, त्याची पिशवी पाठीवर घेऊन." काकानं मान खाली घातली आणि गेला. पण नाय ते नायच.

तेव्हाचे पाळक पावसात चालत आले. ते बोलले, आशागडच्या बाजूला आपल्या लोकांची दफनभूमी आहे, तिथं नेऊ. डांबरी रस्त्यावर टेम्पो उभा करायला त्यांनी माणूस पाठवला. पण रस्त्यापर्यंत नेणार कोण? बांबूची ताटी बांधली. तिला चार खांदे लागतात. एक तुझा नवरा जानू, दुसरे पाळक. पाड्यातली माणसं आपापल्या दारात उभी राहून बघत होती. काही बायका रडत पण होत्या. पुढं कोण आलं नाय.

बाई ताटीला खांदा देत नाय. आपल्यात पण नाय, त्यांच्यात पण नाय. पुढची दोन टोकं आपण दोघींनी उचलली. उजवीकडे मी, डावीकडे तू. मागं जानू आणि पाळक. असं नेलं आपण त्यांना.

हे झालं. मातीला देऊन परत आलो. मी आठव्या दिवशी गवत कापायला गेली. करायचं काय, घरात बसून भात पिकत नाय.

मग काही वर्षांनी जर्मनीच्या मंडळीशी आपली जोडणी झाली. त्यांची एक मंडळी, आपली एक मंडळी. ते आपल्यासाठी प्रार्थना करणार, आपण त्यांच्यासाठी. दर दोन वर्षांनी त्यांची माणसं इकडे येणार, आपली तिकडे जाणार, आणि जिथं अन्याय असेल तिथं एकमेकांसाठी बोलायचं, असं ठरलेलं. पहिल्या वेळी त्यांनी कळवलं की एक बाई पाठवा, गावातून काढलेल्या माणसांच्या दुःखाबद्दल बोलणारी. पाळक आधी माझ्याकडे आले. तुझ्याकडे नाय, माझ्याकडे. हे तू कधी कोणाला सांगितलं नायस, म्हणून मी सांगते. ते बोलले, "लक्षीबाय, ज्याच्यावर गुजरलं त्यानंच सांगावं."

मी बोलली, "मला नाय जायचं. आणि माझं नाव पण कुठं घ्यायचं नाय. माझ्या मेलेल्या नवऱ्यावर मी कोणापुढं हात पसरणार नाय."

तू तिथंच भात निवडत बसली होतीस. तू ऐकलंस. तू मला एकदाच विचारलंस, "बाय, खरंच नाव नको?" मी बोलली, "नको म्हणजे नको."

आणि तू ऐकलंस, सुमन. जन्मात तू माझं एवढं एकच ऐकलंस.

तू गेलीस. पंधरा दिवस. मी तुझ्या कोंबड्या सांभाळल्या. पाड्यातली पोरं वर विमान दिसलं की ओरडायची, "सुमनकाकी! सुमनकाकी!" रोज चार-पाच विमानं जायची, आणि पोरांना प्रत्येकात तू. मी विहिरीवर असली तरी वर बघायची नाय. मान दुखते, असं सांगायची.

परत आलीस ती दुसरीच. चालणं तेच, साडी तीच, पण लोक बघायचे वेगळे. डहाणू स्टेशनवरचा भजीवाला पण तुला "जर्मनीवाल्या बाई" बोलायला लागला. तू मला लोकरीचे मोजे आणलेस. डहाणूत लोकरीचे मोजे! जाड, निळे, गुडघ्यापर्यंत. तू आठ दिवसांनी विचारलंस, "बाय, मोजे घातलेस?"

"वालाचं बी भरलंय त्यात. उंदीर शिरत नाय."

तू एवढी हसलीस की तुला ठसका लागला. बोललीस, "हेल्गाबाईला लिहून कळवते, तिनं विणलेत." मला वाटलं तू चिडशील. तू चिडत नव्हतीस ह्याचाच मला राग. तुझ्याशी भांडायचं तर एकटीनं भांडावं लागायचं.

हेल्गाबाई कोण, ते पण सांगते. तिकडची म्हातारी, माझ्याच वयाची. तिच्या गावाखाली कोळसा निघाला. कंपनीनं गाव उठवलं, घरं पाडली, चर्च पाडलं. कबरी उकरून मेलेली माणसं दुसरीकडे नेऊन पुरली. हेल्गाबाईच्या नवऱ्याला पण. तू तिथं उभी राहून आपली ताटीची गोष्ट सांगितलीस. तू सांगितलंस, "मी खांदा दिला. बाईनं खांदा द्यायचा नसतो, तरी मी दिला." आणि हेल्गाबाई उठून आली आणि तुला मिठी मारून रडली.

हे तू मला घरी येऊन सांगितलंस. चुलीपुढं बसून, भाकर थापत. तुझ्या डोळ्यात पाणी होतं. मी विचारलं, "तू 'मी' बोललीस?"

"मग काय बोलू? तुझं नाव घ्यायचं नाय बोललीस ना तू."

"नाव नको बोलली. नवरा माझा होता ना?"

"माझे पण दीर होते, बाय. मला पण त्यांनीच पहिल्यांदा या घरात 'ये' म्हटलं. मी पण उचललंय त्यांना."

हे आपलं भांडण. हेच. वीस वर्षांत दुसऱ्या कितीतरी गोष्टींवरून बोललो, कोंबडीवरून, बांधावरून, कोणाच्या पोरीच्या लग्नात काय नेसायचं त्यावरून. पण सगळ्या भांडणांच्या खाली हे एकच होतं. ताटी कोणाची? मी तुला असं सरळ परत कधी विचारलं नाय आणि तू कधी सरळ उत्तर दिलं नायस.

त्यांच्या पुस्तकात तुझा फोटो आला. खाली लिहिलेलं, पाळकांनी वाचून दाखवलं, खांद्यावर न्याय वाहून नेणारी बाई. असं काहीतरी. मी तो फोटो बघितला. तुझा पदर नीट होता. मी तिथं असती तर माझा पदर पण नीट असता.

मग ती माणसं इकडे आली. हेल्गाबाई, तिच्याबरोबर चार जण. मी पहाटे उठून घर सारवलं. तांदळाच्या भाकऱ्या केल्या, कोंबडी केली, उडदाची चटणी केली, दारात खाट टाकली. थोरल्या घरी आधी येतात, हे रीतीनं ठरलेलं. अकरा वाजले. बारा वाजले. कोण नाय. मग बारकं पोर धावत आलं की पाहुणे बारक्याकाकाच्या ओटीवर बसलेत.

बारक्याकाकाच्या! ज्यानं माझ्या नवऱ्याला माती दिली नाय, त्याच्या.

मी तशीच गेली, हाताला पीठ. तू ओटीवर बसून चहा ओतत होतीस. काका तुला बोलत होता, "सुमन, गोरी माणसं आणलीस. आता आम्हाला पण पाण्यात बुडवणार काय?" तू बोललीस, "काका, आधी चहात बटर बुडवा, मग बघू." काकाची सून तोंडाला पदर लावून हसत होती. हेल्गाबाई माझ्याकडे बघून हसली. तिला मी कोण ते माहीत नव्हतं. कोणीतरी भाकर करणारी बाई.

मी तुला बाजूला घेतलं. "माझ्या घरी अन्न थंड झालं. आणि तू इथं?"

तू हळू बोललीस, "आपल्या घरी तर ते येणारच आहेत, बाय. या घरी त्यांना कोण आणणार होतं?"

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू येऊ दिलं असतंस?"

नसतं दिलं. ते तुला माहीत होतं. मी घरी गेली आणि ती कोंबडी परत गरम केली. पाहुणे आले, जेवले, बोटं चाटली. हेल्गाबाईनं तुझ्या खांद्यावर हात ठेवला. असा, दोन बोटांनी, जसं आपण देवळातल्या किंवा चर्चमधल्या वस्तूला हात लावतो. मी वाढत होती. माझा खांदा तिच्यापासून एका हातावर होता.

त्यानंतर जे झालं ते सगळं तुझं, आणि चांगलं झालं. मी नाय बोलू शकत नाय. काकाच्या घराला पण जंगलजमिनीचा पट्टा मिळत नव्हता, आपल्याला पण नव्हता. तू बोललीस, प्रांत ऑफिसात वेगवेगळे अर्ज गेले तर वेगवेगळे पडून राहतील. एकच यादी केली. त्यांची घरं, आपली घरं, एकाखाली एक. लोक कुजबुजले, देव वेगळे आणि यादी एक? तू बोललीस, "नांगर सगळ्यांचा मातीतच चालतो ना?" तिकडून त्यांच्या मंडळीनं पण पत्र लिहिलं इथल्या साहेबांना, सगळ्यांच्या सह्या करून. किती फरक पडला मला माहीत नाय, पण साहेबानं खुर्ची दिली बसायला, एवढं मी बघितलं.

मग हेल्गाबाईच्या शेजारच्या गावाखालचा पण कोळसा काढायचा ठरला. तेव्हा तू आपल्या बायकांना गोळा केलंस. बोललीस, त्यांनी आपल्यासाठी लिहिलं, आता आपण त्यांच्यासाठी. त्यांच्या सरकारला पत्र जाणार, मेलेल्या माणसांना हलवू नका म्हणून. आपल्यातल्या निम्म्या बायकांना सही येत नाय. अंगठे घेतले. शाई संपली तर तू तव्याच्या काळ्यात तेल कालवलंस. काकाची सून पण आली अंगठा द्यायला. ती बोलली, "मेलेलं माणूस कोणाचंही असलं तरी त्याला झोपू द्यावं." मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाय. पण मला बोलली होती ती.

तिकडे काय कोणी ऐकलं नाय. ते गाव पण गेलं. पण ते अंगठ्यांचं पत्र हेल्गाबाईच्या भिंतीवर आहे म्हणे, काचेत. माझा पण अंगठा आहे त्यात, तुझ्या सहीच्या खाली. तुझी सही वळणदार.

आणि एक दिवस बारक्याकाकानं पाड्याच्या बैठकीत उठून सांगितलं, डोंगराच्या पायथ्याची जागा सगळ्यांची. एका बाजूला आम्ही जाळू, एका बाजूला तुम्ही पुरा. तू माझ्याकडे धावत आलीस. वय झालेलं, गुडघे दुखत होते, तरी धावत. बोललीस, "बाय, भावजींना आणूया का इकडे?"

मी बोलली, "नको. एकदा नेलंय तेवढं बस."

तुझं तोंड उतरलं. तुला वाटलं मी काकाला माफ केलं नाय. तसं नव्हतं. तुला मी त्या दिवशी खरं सांगितलं नाय.

आता शेवटचं. गेल्या रविवारी तुझ्या स्मरणाची प्रार्थना झाली. चर्चमध्ये पडदा लावला होता, त्यावर तिकडची मंडळी दिसत होती. त्यांच्या खिडकीबाहेर धुकं. हेल्गाबाई चाकाच्या खुर्चीत. पाळकांची सून इकडून इंग्रजीत सांगायची, तिकडे एक बाई जर्मनमध्ये सांगायची, असं एकेक वाक्य दोन घरं फिरून पोचत होतं. सगळे बोलले तुझ्याबद्दल. मग पाळक बोलले, लक्षीबाय.

मी उठली. एवढ्या वर्षांनी माझी पाळी आली, सुमन. तू नाय, मध्ये माझं वाक्य धरायला कोण नाय. मी ठरवून आलेली. रात्रभर नाय, पंधरा वर्षं ठरवत होती. मी सांगणार होती की ती ताटी माझ्या नवऱ्याची. पुढची उजवी बाजू माझी. सुमन चांगली होती पण गोष्टीतली बाई मी होती.

मी बोलली, "ताटीची गोष्ट तुम्ही ऐकलीय. ताटीवर माझा नवरा होता. सुमनबरोबर पुढं मी होती. माझं नाव घेऊ नको असं मीच तिला बांधलं होतं."

तिकडे पोचलं. हेल्गाबाई पुढं वाकली. तिनं हात तोंडावर ठेवला. चर्चमध्ये सगळ्यांनी माझ्याकडे मान वळवली. जे मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं, एका वाक्यात. मी बसू शकत होती.

हेल्गाबाईनं विचारलं. ते दोन घरं फिरून आलं. "तुम्ही एवढं ओझं उचललं. मग नाव का नको होतं?"

मी नेहमीचं उत्तर देणार होती. मेलेल्या नवऱ्यावर हात पसरणार नाय, ते. तोंडात आलं पण होतं. पण ती बाई विधवा, मी विधवा. तिच्या नवऱ्याला उकरून नेलेलं. तिच्यापुढं तोंड उघडलं आणि ते उत्तर आलं नाय.

मी सांगितलं. नदी आली तेव्हा पाणी कंबरेला होतं. माझा पाय घसरला, मी सावरली, आणि मग माझ्यातलं सगळं संपलं. मी बांबू खांद्यावरून काढला. मी बोलली, सोडा यांना. इथंच नदीत सोडा. मला नाय जमत. आणि मी नदीतल्याच एका दगडावर बसली. जानू आणि पाळक मागं उभे, ताटी वाकडी झालेली, पाणी ओढत होतं. सुमन दोन बांबूंच्या मध्ये शिरली, एक बांबू या खांद्यावर, एक त्या खांद्यावर, आणि चालायला लागली. पुढची सगळी बाजू एकटीनं. माझ्या नवऱ्याला नदी तिनं पार करवली. मी मागून आली, हातात यांच्या चपला घेऊन.

पलीकडे पोचल्यावर ती थांबली. खांद्याची कातडी निघालेली. बोलली, "ये बाय, तुझी जागा घे." मी घेतली. रस्त्यावर मंडळीची माणसं भेटली, त्यांनी मला पुढं बघितलं. ते बोलले, काय धीराची बाई आहे. मी ऐकून घेतलं.

म्हणून नाव नको होतं. ताटीची गोष्ट कोणी नीट विचारली असती तर नदी निघाली असती. आणि म्हणूनच मी यांना परत आणू दिलं नाय. मला ती नदी परत ओलांडायची नव्हती.

एवढं मी पडद्यावरच्या लोकांपुढं, आपल्या मंडळीपुढं बोलली. पाळकांच्या सुनेला अर्ध्यावर बोलता येईना, ती थांबली, मग परत सुरू केलं. मागच्या बाकावर काकाची सून बसली होती, ती पुढं येऊन माझ्या बाजूला बसली. मग हेल्गाबाईचं उत्तर आलं. ती बोलली, "सुमन माझ्याकडे तीनदा राहिली. आम्ही सगळं बोललो. हे तिनं मला कधी सांगितलं नाय."

मी बोलली, "मला पण नाय सांगितलं."

खरंच, सुमन. जानू गेला, ते पाळक बदलून गेले आणि तिकडेच वारले, नदीचं माहीत असलेल्या आपण दोघीच उरलो होतो. मी तुला किती बोलली. तुझ्या फोटोवरून, तुझ्या साडीवरून, कोंबडी थंड झाली त्यावरून. मी तुला सगळ्यांपुढं बोलली की माझं दुःख घेऊन तू विमानात बसलीस. तुझ्या डोळ्यात पाणी यायचं, तू उठून जायचीस, दुसऱ्या दिवशी पीठ मागायला यायचीस. तुझ्याकडे एक वाक्य होतं. नदीत कोण बसली होती, बाय? एवढंच बोलायचं होतं. माझं तोंड जन्मभर बंद झालं असतं.

वीस वर्षं ते तुझ्या तोंडाशी कधी आलं नाय. नजरेत पण नाय. मी शोधायची तुझ्या नजरेत, म्हणून सांगते.

तुझं विमान, तुझी सही, तुझ्या पेटीचे खांदे, याचा मला हेवा होता. तो आता कमी होईल, मी पण म्हातारी झाली. पण हे कसं केलंस तू? मी असती ना तुझ्या जागी, पहिल्याच भांडणात काढलं असतं.